शर्यत सायकलीची, कसोटी मुक्कामाची

सायकल म्हटली की आपल्या जामनेर तालुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येते? हँडलला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या दुधाच्या कॅना, मागच्या कॅरिअरवर बांधलेला हिरव्या चाऱ्याचा भारा, दांडीवर बसवलेले पोर आणि सकाळी शाळा गाठणाऱ्या मुलींची रांग. सायकल म्हणजे गरज. ज्याला परवडली त्याने मोटारसायकल घेतली, ज्याला नाही परवडली त्याच्या दारात सायकल राहिली, असा आपला सरळ हिशेब. तीच सायकल घेऊन एक शिकलासवरलेला डॉक्टर पंचवीस दिवसांत नऊ हजार किलोमीटर गेला, असे सांगितले तर पारावरची मंडळी आधी हसतात.

मी हे पारावर सांगून पाहिले आहे. एका बुजुर्ग शेतकऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "समदं खरं भाऊ, पन मले येक सांग. त्या मानसाले त्यातून भेटलं काय? आन् आपल्याले त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख. पण उत्तराला हात घालण्याआधी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. त्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही.

सव्वाशे किलोमीटरची फुशारकी

विशीत असताना आम्ही चौघे मित्र सायकलने पंढरपूरला निघालो. सायकली साध्याच, काळ्या, चोवीस इंची. पहाटे चारला जामनेर सोडले. पहूर मागे पडले, फर्दापूर आले, अजिंठ्याचा घाट लागला. घाटात आधी कोण वर पोचतो याची पैज लागली. तिघे उतरून ढकलत आले, एक पठ्ठ्या पायडल मारत वर गेला. त्याचा आम्ही जयजयकार केला. पहिला मुक्काम सिल्लोडला करायचे घरून ठरले होते. पण अंगात रग होती. "अजून दिवस आहे, चला पुढे," असे म्हणत अंधार पडता पडता तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर गाठले. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर एका दिवसात! वाटेत खाल्ले काय, तर दोन ठिकाणी भजी आणि चार ठिकाणी चहा. पाणी मिळेल तेव्हा आणि मिळेल तिथे. रात्री एका ओट्यावर तशीच पथारी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर टेकवेना. हाताची बोटे मुठीत वळेनात. घाट जिंकणाऱ्या पठ्ठ्याला उलट्या सुरू झाल्या. पंढरपूर अजून तीनशेच्या आसपास किलोमीटर होते. दुपारपर्यंत एकमेकांची तोंडे बघितली आणि खान्देशाकडे निघालेल्या एका रिकाम्या ट्रकमध्ये सायकली टाकून परत आलो. गावात आठ दिवस तोंड लपवून हिंडलो.

पुढे पुष्कळ वर्षे आमची समजूत अशी होती की आपल्या अंगात ताकदच कमी. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींविषयी वाचू लागलो तेव्हा खरी चूक कळली. ताकद कमी नव्हती. आम्ही हरलो ते पहिल्याच दिवशी संध्याकाळी, सिल्लोडचा मुक्काम मोडला तेव्हा.

वारीसारखाच हिशेब

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय, हे आपल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण आपल्याकडे वारी आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते ती महिनाभर मुक्कामाला मुक्काम जोडत पंढरीला पोचते. कुठे विसावा, कुठे जेवण, कुठे रात्र, हे सगळे ठरलेले. "आज अंगात जोर आहे, दोन मुक्काम एकदम मारतो," असे कोणी वारकरी म्हणत नाही. म्हणूनच साठी उलटलेली म्हातारी माणसेसुद्धा ती वाट चालून जातात.

टप्प्यांच्या शर्यतीतही रोज एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंतचा टप्पा असतो. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजतात आणि शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे आज पहिला आलेला उद्या मागे पडू शकतो आणि एकही टप्पा न जिंकता सगळी शर्यत जिंकता येते. कपाशीच्या पहिल्या वेचणीवर जसा हंगामाचा हिशेब होत नाही, तसेच हे.

या प्रकारातली जगातली सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे फ्रान्सची 'टूर द फ्रान्स'. ती १९०३ साली सुरू झाली, तीही एका वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी काढलेली. पहिल्या वर्षी टप्पे सहाच होते, पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. एकेक टप्पा चारशे किलोमीटरच्याही वर जाई. रात्रीच्या अंधारात, कच्च्या रस्त्यांवरून. ६० जण निघाले आणि शेवटपर्यंत पोचले फक्त २१. जिंकला तो मोरिस गारँ नावाचा माणूस, ज्याने लहानपणी घरांची धुराडी साफ करायचे काम केले होते. आता या शर्यतीत २१ टप्पे असतात, तीन आठवडे लागतात आणि मध्ये दोन दिवस विश्रांती असते.

बेरजेचा खेळ किती बारीक असतो, ते १९८९ सालच्या शर्यतीत दिसले. सव्वातीन हजारांहून अधिक किलोमीटर धावल्यानंतर अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा अवघ्या ८ सेकंदांनी पुढे राहिला. तीन आठवड्यांत कुठेतरी बाटली घेताना, कुठेतरी वळणावर ब्रेक दाबताना गेलेले ते आठ सेकंद!

या शर्यतीची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. सगळ्यांत मागे एक गाडी चालते. जो दमला, ज्याने हाय खाल्ली, त्याला ती गाडी उचलून घेते. १९१० सालापासूनची ही प्रथा. त्या गाडीला तिकडे 'झाडूगाडी' म्हणतात. रस्ता झाडत येते म्हणून. हे वाचले आणि मला आमचा तो रिकामा ट्रक आठवला.

आपल्या राज्यालाही सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी आणि मानाची. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान मिळतो. पण ती एका दिवसाची. टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत आपल्याकडे भरली ती जानेवारी २०२६ मध्ये, पुणे जिल्ह्यात. 'पुणे ग्रँड टूर' या नावाने पाच दिवस परदेशी आणि भारतीय सायकलपटू मावळ-मुळशीपासूनच्या ग्रामीण रस्त्यांवरून सव्वाचारशेहून अधिक किलोमीटर धावले.

मॉस्कोपासून समुद्रापर्यंत

आता त्या डॉक्टरांविषयी. त्यांचे नाव डॉ. अमित समर्थ, राहणार नागपूर. अगदी आपल्या विदर्भातला माणूस.

महाराष्ट्रातल्या माणसांनी लांब पल्ल्याच्या सायकलीत नाव काढायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या 'रेस अॅक्रॉस अमेरिका' या शर्यतीपासून. एका समुद्रकाठाहून दुसऱ्या समुद्रकाठापर्यंत, म्हणजे त्या वेळी कॅलिफोर्नियातून मेरीलँडपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांच्या जोडीने आळीपाळीने सायकल चालवत ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पार केली. २०१७ साली लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पुरी केली. एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ, त्याच वर्षी, डॉ. समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोचले. मुदत बारा दिवसांची होती. म्हणजे पावणेपाच हजार किलोमीटरनंतर दोघांच्या हाती उरले होते ते तीन ते पाच तास.

त्या शर्यतीत टप्पे नाहीत. एकदा घड्याळ सुरू झाले की ते शेवटालाच थांबते. तुम्ही झोपलात तरी ते चालूच. म्हणून एकटा धावणारा दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन तास झोप घेतो, कधी तेवढीही नाही.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, डॉ. समर्थ रशियातल्या 'ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम' या शर्यतीत उतरले. ही मात्र टप्प्यांची शर्यत. २४ जुलैला मॉस्कोतून सुरुवात आणि १७ ऑगस्टला पॅसिफिक महासागराकाठच्या व्लादिवोस्तोक बंदरात शेवट. पंधरा टप्पे, पंचवीस दिवस, नऊ हजारांहून अधिक किलोमीटर. काश्मीरहून कन्याकुमारीपर्यंतचे अंतर अडीच वेळा जोडा, म्हणजे अंदाज येईल. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले.

वाट कोणती? निझनी नोवगोरोद, कझान, पेर्म अशी रशियातली मोठी शहरे घेत उरल पर्वत ओलांडायचा. तिथे युरोप संपतो आणि आशिया सुरू होतो. मग ओम्स्क, नोवोसिबिर्स्क, क्रास्नोयार्स्क, इर्कुत्स्क. पुढे बैकाल सरोवर, जगातले सर्वांत खोल गोड्या पाण्याचे सरोवर. मग उलान-उदे, चिता आणि खबारोव्स्क. दोन्ही बाजूंना मैलोगणती झाडी, मधून जाणारा मालट्रकांचा हमरस्ता, दिवसा ऊन, रात्री थंडी आणि कधीही पाऊस.

टप्पे सारखे नसतात. लहान टप्पा तीन-चारशे किलोमीटरचा. सर्वांत मोठा, चितापासून पुढचा, तेराशे किलोमीटरच्याही वर. आपल्या हिशेबात सांगायचे तर भुसावळहून सायकलवर निघायचे, दिल्ली गाठायची आणि तिथे न थांबता आणखी पुढे जायचे. हा एक टप्पा! दोन दिवस आणि दोन रात्रींहून जास्त वेळ त्याला लागतो. त्यात वेळेचा घोळ वेगळाच. मॉस्कोत दुपारचे बारा वाजतात तेव्हा व्लादिवोस्तोकला संध्याकाळचे सात वाजलेले असतात. जसजसे पूर्वेला जावे तसतसे घड्याळ पुढे सरकते आणि झोपेचे, भुकेचे शरीराला लागलेले वळण मोडत जाते.

पंचवीस दिवसांची सरासरी काढली तर रोजचे साडेतीनशेच्या वर किलोमीटर येतात. आमचे पहिल्या दिवसाचे सव्वाशे त्याच्यापुढे किती? जवळजवळ एक तृतीयांश. आणि आमचा तर दुसरा दिवस उजाडलाच नाही.

अंगाचे काय होते

लोकांना वाटते, सायकल म्हणजे पायांचा खेळ. लांबच्या शर्यतीत पाय शेवटपर्यंत साथ देतात. आधी दगा देतात ती दुसरीच ठिकाणे.

पहिली बसायची जागा. तासन् तास घासून, घामाने आणि पावसाने कातडी सोलवटते, फोड येतात, त्यांत पू होतो. बैलाच्या खांद्याला जू घासून जसा आवळू होतो तसेच. आवळू झालेला बैल कितीही ताकदीचा असला तरी जू ठेवू देत नाही. म्हणून सायकलपटू मुक्कामाला पोचल्यावर आधी ती जागा धुऊन, कोरडी करून मलम लावतो. टाळ्या, सत्कार, फोटो नंतर.

दुसरे हात. हँडलवर दाब येऊन तळव्यातली नस चेपते. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. काहींना शर्यतीनंतर कित्येक आठवडे शर्टाची गुंडीसुद्धा लावता येत नाही.

तिसरी मान. पुढे वाकून रस्ता बघायचा तर मान सतत वर उचललेली. काही दिवसांनी मानेचे स्नायू काम करायचेच थांबतात आणि डोके पुढे लोंबकळते. अमेरिकेच्या शर्यतीत १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाला असे झाले, तेव्हापासून या दुखण्याला त्याचेच नाव पडले. पाय चालताहेत, छाती साथ देते आहे, पण समोरचा रस्ताच दिसत नाही, अशा अवस्थेत माणसाला शर्यत सोडावी लागते.

चौथी झोप. ती सर्वांत वाईट. झोप तुंबली की माणसाला नसलेल्या वस्तू दिसू लागतात. झाडाचा बुंधा माणूस वाटतो, रस्त्यावरची रेघ हलायला लागते. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला सलग चार-पाच रात्री जागलेल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. बांधावर उभ्या उभ्या डुलकी लागते, पाय घसरतो, वायरला हात लागतो. दमलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हेच कळत नाही. शर्यतीत म्हणून थांबायचा निर्णय दमलेल्या सायकलपटूवर सोडत नाहीत. मागच्या गाडीतला माणूस सांगतो, उतर आणि झोप. तो उतरतो.

पोट, पाणी आणि मीठ

डोंगराच्या टप्प्यावर धावणारा सायकलपटू दिवसाला पाच ते आठ हजार कॅलरी जाळतो. दिवसभर कष्टाचे काम करणाऱ्या गड्याला तीन-साडेतीन हजार लागतात. म्हणजे दोन-अडीच गड्यांचे अन्न एका पोटात घालायचे, तेही सायकल चालवता चालवता. एकदम पोटभर खाल्ले तर पचत नाही, भूक लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे थोडे खातात. भात, बटाटा, केळी, खजूर, गोड पाणी. केळ्याचे नाव आले की आपल्याला बरे वाटते. यूरोपातला सायकलपटूसुद्धा पाठीवरच्या खिशात केळे ठेवतो.

पाण्याचे गणितही वेगळे आहे. घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. उन्हात नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, डोके जड होते, उलट्या होतात, वेळेवर लक्ष दिले नाही तर जिवावर बेतते. आमच्या त्या पठ्ठ्याला उलट्या कशाने झाल्या ते डॉक्टरांनी तपासले नाही, पण भज्या-चहावर घाट चढल्यावर दुसरे काय होणार? वैशाखात कपाशीची पूर्वमशागत करणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले घरगुती प्रमाण. महागड्या बाटलीची गरज नाही. रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

लोहाराचा भाता

शर्यतीत शरीरासारखीच सायकलही मोडते. पूर्वीच्या काळी नियम असा होता की सायकल मोडली तर ज्याची त्यानेच नीट करायची, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही.

१९१३ सालची गोष्ट. फ्रान्सचा युजेन क्रिस्तोफ जिंकायच्या बेतात होता. पिरेनीज डोंगरातला तूर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या खेड्यात आला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहार मदत करायला तयार होता, पण शर्यतीचे अधिकारी उभे राहून बघत होते. क्रिस्तोफने स्वतः ऐरणीवर लोखंड ठोकले, स्वतः जोड मारला. दोन्ही हात गुंतलेले, तेवढ्यात एका पोराने भाता ओढून दिला. झाले! भाता दुसऱ्याने ओढला म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड. पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला, पण शर्यत हातची गेली होती. त्या खेड्यात आजही या घटनेची आठवण जपली आहे.

क्रिस्तोफने तिथेच सायकल टाकून दिली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण तो पुन्हा बसला आणि पॅरिसपर्यंत गेला. पीक पाण्याखाली गेल्यावर दुबार पेरणीसाठी पुन्हा पाभर बाहेर काढणाऱ्या माणसाला यातले मर्म सांगावे लागत नाही.

एकट्याचे नाव, दहा जणांचे काम

आता तो नियम राहिलेला नाही. उलट लांब पल्ल्याच्या शर्यतीत एका सायकलपटूच्या मागे आठ-दहा माणसे आणि दोन-तीन गाड्या असतात. कोणी रस्ता दाखवणारा, कोणी सायकल दुरुस्त करणारा, कोणी रांधणारा, कोणी अंग रगडणारा, आणि एक जण नुसती वही घेऊन बसलेला. किती पाणी प्याला, किती खाल्ले, किती झोपला, लघवीला कधी गेला, सगळे लिहून ठेवणारा. रात्री सायकलच्या मागे गाडी ठेवून उजेड पाडणारा ड्रायव्हर स्वतः डुलकी घेऊन चालत नाही. त्यांच्याही पाळ्या लावाव्या लागतात.

बातमीत नाव येते एकाचे. पण मागच्यांनी एक पाळी चुकवली तरी शर्यत संपते. नांगर धरणाऱ्याचे नाव होते. भाकरी घेऊन बांधावर येणारीचे, पहाटे बैलांना वैरण टाकणाऱ्याचे नाव कोण घेतो? पण त्यांच्याशिवाय तास निघत नाही.

आपल्या शिवारात

आता पुन्हा त्या बुजुर्गांच्या प्रश्नाकडे. आपल्याला याचे काय?

आपल्या गावागावांत पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती. जाहिरात निघाली की पहिल्या आठवड्यात जिवाच्या आकांताने पळतात. दुसऱ्या आठवड्यात नडग्या दुखतात, गुडघा सुजतो, तिसऱ्या आठवड्यात पोरगे खाटेवर. वर्षाची तयारी जाते आणि घरचे म्हणतात, अंगात दमच नाही. आमच्या बाबतीतही हेच म्हटले होते. दम असतो. मुक्काम कुठे करायचा, हे शिकवणारा कोणी नसतो.

ज्याला सायकलची आवड आहे त्याने महागडी सायकल नसली म्हणून अडून राहू नये. साध्या सायकलवर पहिल्या आठवड्यात आठवड्याचे तीन दिवस दहा-पंधरा किलोमीटर पुरे. पुढच्या आठवड्यात एकूण अंतरात दहा टक्क्यांच्या आसपासच वाढ करावी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. सीटची उंची अशी लावावी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे दिसणाऱ्या सायकलींची सीट बहुधा खालीच असते आणि गुडघेदुखी तिथूनच सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परत. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा किंवा निदान लाल रिफ्लेक्टर.

ग्रामपंचायतीलाही यात काम आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. पुण्याकडची शर्यत व्हायच्या आधी तिकडचे रस्ते नीट करावे लागले. सायकलीचे चाक बोटभर रुंद असते. मोटारीला न जाणवणारा खड्डा सायकलला पाडतो. आपल्याकडे शर्यत नाही, पण राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, आणि बाकी गावांतल्या मुलीही घरची सायकल घेऊन शाळेला जातातच. त्यांची शर्यत रोजची आहे. रस्त्याच्या साइडपट्ट्या खचल्या असतील तर मुरूम टाकून दाबून घेणे, बांधावरच्या बाभळी छाटल्यावर काटे रस्त्यावर पडू न देणे, गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारणे, कापसाच्या आणि केळीच्या गाड्यांना मागून रिफ्लेक्टर आहेत की नाही ते बघणे, शाळेत पंप आणि पंक्चरचे सामान ठेवणे, एवढे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मनावर घेतील तर होण्यासारखे आहे. साइडपट्टीवर पडलेल्या एका मुलीची शाळा सुटते. तिला उचलायला झाडूगाडी येत नाही.

राहता राहिला पहिला प्रश्न, त्या माणसाला काय भेटले? जमीन नाही मिळाली, नोकरी नाही मिळाली. पंचवीस दिवस रोज सकाळी उठून, कालचा शीण अंगात असताना, आज पुन्हा सीटवर बसायचे आणि तरीही उद्यासाठी थोडी ताकद राखून ठेवायची, हे आपल्याला जमते एवढे त्याला कळले. शेती करणाऱ्याला एवढे कळले तर पुष्कळ झाले. एका पावसाने हुरळून सगळे बियाणे एकदम मातीत घालणारा आणि एका खंडाने खचून जाणारा, दोघेही पहिल्या दिवशीच संभाजीनगर गाठायला निघालेले असतात.

हे मी पारावर सांगितले तेव्हा ते बुजुर्ग थोडा वेळ बोलले नाहीत. मग उठता उठता म्हणाले, "म्हंजे सिल्लोडले थांबायचं होतं तुमी."

होय आबा, सिल्लोडला थांबायला हवे होते.